टीयूएम की एलएमयू? म्युनिकला मास्टर्ससाठी जाणाऱ्यांनो, रँकिंग बाजूला ठेवा

म्युनिकला जायचं ठरलं की पुढचा प्रश्न ठरलेला: टीयूएम (टेक्निकल युनिव्हर्सिटी ऑफ म्युनिक) घेऊ की एलएमयू (लुडविग मॅक्सिमिलियन युनिव्हर्सिटी)? बहुतेक जण तो रँकिंगची साइट उघडून सोडवतात. तिथे टीयूएम वर दिसतं, मग विषय संपला. माझ्या मते या शहरापुरता तरी हा सगळ्यात कुचकामी निकष आहे. जर्मनीने २००६ मध्ये खास निधीसाठी 'एक्सलन्स', म्हणजे सर्वोत्कृष्ट, विद्यापीठांची पहिली निवड केली तेव्हा यादीत तीनच नावं होती आणि त्यातली दोन हीच. नावाने तुमचं काही अडणार नाही. अडेल ते फीने, कॅम्पसच्या अंतराने आणि भाषेने.

आधी विषय बघा, कारण अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच मिटतो. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल असेल तर एलएमयूचा विचारच नको, तिथे इंजिनिअरिंग नाही. कायदा, इतिहास, भाषा असेल तर टीयूएमकडे बघण्यात अर्थ नाही. खरी ओढाताण गणित, भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, डेटा सायन्स आणि मॅनेजमेंटवाल्यांची.

आता फी. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हा मेसेज व्हॉट्सॲपवर अजून फिरतोय, पण टीयूएमपुरता तो जुना झाला. २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना तिथे फी आहे: मास्टर्सला अभ्यासक्रमानुसार दर सेमिस्टर ४,००० किंवा ६,००० युरो, बॅचलर्सला २,००० किंवा ३,०००. म्हणजे चार सेमिस्टरचं मास्टर्स १६,००० ते २४,००० युरोंना पडतं. एलएमयूच्या नेहमीच्या अभ्यासक्रमांना ही फी नाही. तिथे सेमिस्टरचं अंशदान भरायचं, शंभर युरोंच्या आसपास. प्रवासाच्या तिकिटाचे पैसे दोन्हीकडे याशिवाय.

हिशेबात लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिलं, ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे. ते राहण्या-खाण्याचे पैसे आहेत, फी त्यात धरलेली नाही. कर्जाचा आकडा ठरवताना दोन्ही वेगळे लिहा. दुसरं, पाचवं सेमिस्टर. मास्टर्सचा थिसिस ३० क्रेडिट्सचा, सहा महिन्यांचा. प्रोफेसर मिळायला वेळ गेला किंवा एखादी परीक्षा राहिली की तो सहज पुढे सरकतो. एलएमयूत अशा वेळी राहण्याचा खर्च वाढतो. टीयूएममध्ये त्यावर आणखी ६,००० पर्यंत फी. म्हणून टीयूएमचं बजेट पाच सेमिस्टरचं मांडा. फीमाफी आणि शिष्यवृत्त्या आहेत, त्यांना अर्ज जरूर करा, पण मिळेलच असं धरून कर्ज कमी काढू नका.

कॅम्पसकडे फार कमी लोक बघतात. टीयूएमचं मुख्य आवार शहराच्या मध्यात आर्सिसश्ट्रासवर आहे, फोटो सगळे तिथले. पण कॉम्प्युटर सायन्स, गणित, भौतिकशास्त्र, रसायन हे सगळं गार्शिंगला, यू-सिक्स मेट्रोच्या उत्तरेकडच्या शेवटच्या स्टेशनवर. एलएमयूची मुख्य इमारत याच यू-सिक्सवर मध्यात, 'युनिव्हर्सिटेट' स्टेशनला. त्यांचं रसायन मात्र दक्षिणेला ग्रोसहाडर्नला, जीवशास्त्र मार्टिन्सरीडला आणि कॉम्प्युटर सायन्स इंग्लिश गार्डनजवळ ओएटिंगनश्ट्रासवर. म्हणजे टीयूएमचं गार्शिंग आणि एलएमयूचं ग्रोसहाडर्न ही एकाच मेट्रो लाइनची दोन टोकं. ऑफर लेटर आलं की इमारतीचा पत्ता शोधा, मगच खोली बघा.

आणि एक सापळा. टीयूएम लिहिलंय म्हणजे म्युनिकच, असं नाही. वाइहेनश्टेफान फ्रायझिंगला आहे, श्ट्राउबिंग त्याहून बरंच लांब, आणि हाइलब्रोन तर बव्हेरियातच नाही, शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहे. मॅनेजमेंटच्या अर्जदारांनी हे दोनदा वाचावं. हाइलब्रोनचा अभ्यासक्रम वाईट नाही, पण तुम्ही निवड केलीत ती म्युनिक धरून.

भाषेचा मुद्दा थोडक्यात: टीयूएममध्ये इंग्रजीतले मास्टर्स पुष्कळ आहेत, एलएमयूत बरेच अजून जर्मनमध्ये चालतात. अभ्यासक्रमाचं पान इंग्रजीत आहे म्हणून वर्गही इंग्रजीत असं समजू नका. 'शिकवण्याची भाषा' ही ओळ वेगळी लिहिलेली असते, ती बघा.

अर्जाची वाट मात्र दोघांची वेगळी. टीयूएमला परदेशी पदवीसाठी युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेकडून व्हीपीडी, म्हणजे पूर्वतपासणीचा दाखला, आणावं लागतं. ते कागदपत्रं तपासतात आणि तुमचे गुण जर्मन पद्धतीत बदलून देतात. त्यात आठवडे जातात, म्हणून टीयूएमची शेवटची तारीख तुमच्यासाठी प्रत्यक्षात दीड-दोन महिने आधी असते. एलएमयूत बऱ्याच मास्टर्सला आधी विभागाची निवड पार करायची, मग इंटरनॅशनल ऑफिस. विभागांच्या तारखा वेगवेगळ्या, काहींच्या खूप लवकर. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, भारतीयांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी लागतंच. त्याने सुरुवात करा.

गुण बदलण्याचं सूत्र स्वतः करून बघा. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल आणि किमान पासिंग यांच्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. सीजीपीए ८.२, कमाल १०, पासिंग ४ असेल तर १.९ येतात. पासिंग ५ धरलं की तेच गुण २.०८ होतात. जर्मनीत कमी आकडा चांगला, त्यामुळे हा फरक बारीक नाही. गडबड होते ती अशी: पासिंगचे गुण आणि ग्रेडिंगचा तक्ता बहुतेक गुणपत्रिकांच्या मागच्या बाजूला छापलेला असतो आणि मुलं फक्त पुढची बाजू स्कॅन करतात. मागची बाजू जोडा. छापलेला नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या.

नुसत्या गुणांवर प्रवेश मिळत नाही. दोन्हीकडे बॅचलर्सचे विषय मास्टर्सशी किती जुळतात ते तपासलं जातं. टीयूएमचे काही अभ्यासक्रम त्यासाठी करिक्युलर ॲनालिसिसचा, म्हणजे तुमचे विषय त्यांच्या विषयांशी जुळवून दाखवायचा, तक्ता भरून घेतात. त्यात 'मॅथ्स ३' असं नुसतं नाव लिहिणाऱ्याचे गुण जातात, कारण वाचणाऱ्याला त्यात लिनिअर अल्जेब्रा होता की लाप्लास, हे कळत नाही. सिलॅबस काढा, युनिटनुसार लिहा. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) किंवा आयटीवाल्यांचा कॉम्प्युटर सायन्सचा अर्ज बहुधा थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि डिस्क्रीट मॅथ्सवर अडतो. ९ च्या वर सीजीपीए असूनही नकार येतो तो यामुळेच.

माझी निवड विचाराल तर: गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्राच्या अंगाने जाणारं डेटा सायन्स यांना एलएमयू. फी नाही आणि विभाग तितकेच तगडे. सिस्टिम्स, रोबोटिक्स, हार्डवेअरला टेकून असलेलं कॉम्प्युटर सायन्स असेल तर टीयूएम, फी भरूनसुद्धा, कारण शेजारीच इंजिनिअरिंगचे विभाग आहेत. आणि कधी कधी निवड करावीच लागत नाही. क्वांटम सायन्स अँड टेक्नॉलॉजी, थिऑरेटिकल अँड मॅथेमॅटिकल फिजिक्स, बायोइन्फॉर्मेटिक्स हे अभ्यासक्रम दोन्ही विद्यापीठं मिळून चालवतात. तिथे एकच विचारून घ्या: नावनोंदणी कुठे होणार आणि फी कोणाच्या नियमाने लागणार. उत्तर ईमेलवरच घ्या, फोनवर नको.

वसतिगृहासाठी मात्र दोघांचे विद्यार्थी एकाच श्टुडिएरेन्डनव्हेर्कच्या (वसतिगृहं चालवणाऱ्या विद्यार्थी सेवा संस्थेच्या) रांगेत उभे असतात आणि ती रांग काही सेमिस्टरची असते. प्रवेश पक्का झाल्याच्या दिवशीच तिथे नाव घाला, आणि पहिल्या सेमिस्टरसाठी खासगी खोली शोधायला लागा.