‘इंग्रज येण्याआधी मुंबईत होतं तरी काय?’

दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत आपल्या फोनवर येतोच. मुंबई म्हणजे मुळात सात ओसाड बेटं, त्यांवर चार कोळ्यांच्या झोपड्या. पोर्तुगीजांनी ती हुंड्यात इंग्रजांना देऊन टाकली. इंग्रजांनी समुद्र बुजवून शून्यातून शहर उभं केलं. सोबत सात ठिपक्यांचा तो प्रसिद्ध नकाशा, आणि शेवटी निष्कर्ष: इथल्या वस्त्या फार तर दीड-दोनशे वर्षांच्या, त्यांचा इतिहास शोधायला जाणं म्हणजे वेळ फुकट घालवणं.

मला या मजकुराचा मनापासून राग येतो. त्यातल्या सनावळ्या चुकतात हे तर आहेच, पण परळ, माहीम, वरळी, माझगाव ही नांदती गावं तो एका फटक्यात पुसून टाकतो, आणि गाव पुसलं की गावकऱ्याचा हक्कही पुसला जातो. म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊनच बोलतो.

‘बेटं ओसाड होती.’

परळपासून सुरुवात करू, कारण आधी गिरण्या आणि आता टॉवर, यांपलीकडे परळची ओळखच उरलेली नाही. १९३१ साली परळ ते शिवडी रस्त्याचं काम चालू असताना खोदकामात एक प्रचंड शिल्प निघालं. एकाच शिळेत कोरलेला शिव, त्याच्या अंगातून वर आणि दोन्ही बाजूंना प्रकटत गेलेली त्याचीच रूपं, पायाशी वाद्यं घेतलेले गण. उंची साधारण साडेतीन मीटर. अभ्यासक ते पाचव्या-सहाव्या शतकातलं मानतात, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या आगेमागचं. ते आजही परळच्या बारादेवी मंदिरात आहे. एवढी शिळा घडवायला तयारीचे कारागीर लागतात, त्यांना पोसणारा कुणी राजा नाहीतर सावकार लागतो, आणि पूजेला येणारी माणसं लागतात. ओसाड बेटावर असलं काम कोण कुणासाठी करेल?

त्याच परळमध्ये उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या राजा अपरादित्याचा ११८७ चा शिलालेख मिळालेला आहे. दानाची नोंद, आणि शेवटी ते दान मोडणाऱ्याला मराठीत घातलेली गाढवाची शिवी. कोकणात गधेगळ, म्हणजे अशी शिवी कोरलेले दगड, पाहिलेल्यांना ही शिवी नवी नाही. शिवी घालावी लागते याचा अर्थ दान बळकावणारेही होते. म्हणजे उत्पन्न होतं, महसूल होता, त्यावरून तंटे होते. साध्या शब्दांत, राज्यकारभार होता.

वाळकेश्वर आणि बाणगंगा शिलाहारांच्याच काळापर्यंत मागे जातात. पोर्तुगीज अमलात वाळकेश्वराचं देऊळ पडलं आणि १७१५ च्या सुमारास रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्याने ते पुन्हा उभारलं. माहीम तर गुजरातच्या सुलतानांचं महत्त्वाचं ठाणं होतं. १४३१ मध्ये वारलेले मखदूम अली माहिमी हे कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे विद्वान होते आणि ते याच गावात राहिले, इथेच त्यांची कबर आहे. आज दर्ग्याच्या उरुसाला गर्दी करणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असतं, की आपण इंग्रजी राजवटीहून दोनशे वर्षांहून अधिक जुन्या जागी उभे आहोत? पुढे १५३४ च्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. दादरचं पोर्तुगीज चर्च १५९६ चं, माझगावचं ग्लोरिया चर्च १६३२ चं. दोन्हींच्या इमारती आता नव्या आहेत, ग्लोरिया तर भायखळ्याला हललं, पण गावं तीच.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूच्यांनाही सांगायला हवी. उत्साहाच्या भरात काहीजण उत्तर कोकणाचा जुना इतिहास सांगणाऱ्या महिकावतीच्या बखरीतल्या बिंब राजाची प्रत्येक कथा पुराव्यासारखी पुढे करतात. गावं आणि जातीजमातींची नावं समजून घ्यायला ती बखर अमोल आहे. तिच्यातल्या सनावळ्या मात्र तपासल्याशिवाय वापरू नयेत. परळचा दगड हातात असताना कच्च्या पुराव्याची गरजच काय?

‘चार कोळ्यांच्या झोपड्या होत्या.’

या वाक्यातली तुच्छता मला सगळ्यात जास्त लागते. इंग्रज आले तेव्हाची लोकसंख्या साधारण दहा हजार मानली जाते. त्यात कोळी होते, तसे मिठागरं पिकवणारे आगरी होते, माडांवर उपजीविका करणारे भंडारी होते, भात लावणारे कुणबी, लेखणी आणि जमिनी राखणारे पाठारे प्रभू, माहीमचे कोकणी मुसलमान आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली स्थानिक कुटुंबंही होती. याच भंडाऱ्यांचं दल उभारून इंग्रजांनी बेटाच्या बंदोबस्ताची सोय केली. पहारा द्यायला स्थानिक माणूसच लागला.

आणि जमिनीचं काय? ती मोकळी पडली होती का? ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याला १६७२ मध्ये इथल्या जमीनधारकांशी रीतसर करार करावा लागला. त्यांनी वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीज नाणं) द्यायचे, बदल्यात त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे राहतील, असं ठरलं. १६७४ मध्ये तो पक्का झाला. मालकच नसते तर कंपनीने करार कुणाशी केला असता? मुंबईच्या जमिनीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी हा करार वाचावा असं मला वाटतं.

‘हुंड्यात मिळाली.’

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह १६६१ चा, हे खरं. पण मजकूर वाचून वाटतं की चावी हातात आली आणि काम झालं. प्रत्यक्षात इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन चारेकशे सैनिक घेऊन १६६२ मध्ये आला, तेव्हा इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा द्यायला साफ नकार दिला. ती तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडली, रोगराईने माणसं मेली, शिपमनही तिथेच मेला. उरलेल्या जेमतेम शंभरेक लोकांनिशी शिपमनचा सचिव हम्फ्री कुक याने १६६५ च्या फेब्रुवारीत ताबा घेतला. गोव्याच्या व्हाइसरॉयने पोर्तुगालच्या राजाला लेखी विरोध कळवला होता. ओसाड खडकांसाठी कुणी एवढं भांडत नाही. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने हे सगळं वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकलं. आकडा लहान आहे म्हणून लोक त्यावर हसतात, पण ते नाममात्र भाडं होतं, मालाची किंमत नव्हे.

‘सात बेटं जोडून आजची मुंबई झाली.’

तहात आणि सनदेत शब्द आहेत ते ‘मुंबईचं बंदर आणि बेट’ असे. बेट, एकवचनी. या एका बेटात माहीम-परळ येतात की नाही यावरूनच तर इंग्रज आणि पोर्तुगीज भांडत होते. ओहोटीला पुष्कळ ठिकाणी चिखलातून पलीकडे जाता येत असे, भरतीला पाणी भरत असे. सात नेटक्या ठिपक्यांचं चित्र शाळेत शिकवायला सोयीचं आहे, एवढंच.

त्याहून मोठी चूक म्हणजे आजची बहुतेक मुंबई या सात बेटांत नव्हतीच. वांद्रे, अंधेरी, कुर्ला, बोरिवली, मुलुंड हा सगळा साष्टीचा, म्हणजे उत्तरेच्या मोठ्या बेटाचा भाग. तो १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला, इंग्रजांनी १७७४ मध्ये घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडे कायम झाला. महापालिकेच्या हद्दीत ही उपनगरं आली १९५० आणि १९५७ मध्ये. याच साष्टीत कान्हेरी आहे: शंभराहून अधिक लेणी, पाण्याच्या कोरीव टाक्या, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचे लेख. तिथे १००९ आणि १०२१ या सालांचे पहलवी (जुन्या इराणी भाषेतले) लेखही आहेत. लेणी पाहायला आलेल्या पारशांनी कोरलेले. ‘पारशी मुंबईत इंग्रजांमागून आले’ असं म्हणणाऱ्यांनी ते पाहून यावेत. अंधेरीची महाकाली, जोगेश्वरीची लेणी, बोरिवलीचं मंडपेश्वर, हे सगळं लोकलच्या अंतरावर आहे.

‘समुद्र इंग्रजांनी बुजवला.’

आदेश, आराखडे आणि बराचसा पैसा कंपनी सरकारचा होता, यात वाद नाही. वरळीचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि मधल्या सखल भागाचं रूप पालटलं. बंदर, किल्ला, १८५३ ची रेल्वे, प्लेगनंतर १८९८ मध्ये आलेलं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि त्याने आखलेलं दादर-माटुंगा हेही मान्य करायलाच हवं. पण माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये झाला तो अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशाने. गोदीत सागवानी जहाजं बांधली ती सुरतेहून आलेल्या वाडिया घराण्याने. १८१७ चं त्यांचं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये अजून पाण्यावर आहे. रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये काढली कावसजी दावर यांनी. आणि टोपल्या वाहून भराव टाकले तेलंगणाकडून आलेल्या कामाठ्यांनी आणि कोकण-घाटावरून आलेल्या मजुरांनी. त्यांची नावं कुठल्याच कोनशिलेवर नाहीत.

‘वस्त्यांत शोधण्यासारखं काही नाही.’

गिरगावात फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, खोताची वाडी हा पत्ता लिहिताना आपण एका बागायती गावाची यादीच लिहीत असतो. १८६५ ते १८७२ या काळात लॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने केलेल्या शहराच्या मोजणीचे नकाशे उघडा आणि आजच्या गल्लीशी ताडून बघा. मग गावदेवीचं देऊळ शोधा, कारण वरळीची गोल्फादेवी, माहीमची शीतलादेवी ही जुन्या गावाची हमखास खूण आहे. नाक्यावरचे क्रूस बघा. त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगच्या साथीतले आहेत. विहिरी बघा. गावातल्या म्हाताऱ्यांना शेताच्या आणि मिठागरांच्या जागा विचारा आणि लिहून घ्या, कारण ही नावं कागदावर क्वचितच आहेत.

हे काम आत्ताच व्हायला हवं. कोळीवाडे आणि गावठाणांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतो आहे. घरं मोजली जातात, पण मासे सुकवायची, जाळी विणायची, होड्या ओढून ठेवायची जागा ‘मोकळी जमीन’ ठरू शकते आणि सगळी वस्ती झोपडपट्टीच्या रकान्यात जाऊ शकते. अशा वेळी ‘इथे आधी काहीच नव्हतं’ हे वाक्य बिल्डरच्या फार कामाचं असतं. ते पुढे पाठवण्याआधी एवढं लक्षात घ्या, की या बेटावरच्या जमिनीवर स्थानिक माणसाचा हक्क आहे हे खुद्द कंपनीने १६७२ मध्ये लिहून दिलेलं आहे.