खुलासा : 'आधी डेटा, मग गृहीतक' हा मेसेज चुकीचा आहे

नागपुरातल्या एमबीएच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: गृहीतक (म्हणजे डेटावर तपासायचा अंदाज) सिद्ध झालं नाही तर प्रोजेक्ट वाया, म्हणून आधी डेटा गोळा करा आणि त्याला जुळेल असं गृहीतक मागाहून लिहा. मागच्या वर्षी हाच सल्ला मी एका ज्युनिअरला दिला होता, त्यामुळे दुरुस्तीही मीच करतो.

समजा, इतवारीतल्या किराणा दुकानांत उधारीमुळे गिऱ्हाईक टिकतं का, हे तपासायचंय. आधी चौकट हवी: का टिकेल? दुकानदारावरच्या विश्वासामुळे? मग विश्वास हा मधला दुवा, आणि त्यातून गृहीतक निघतं. डेटाचा आधार मिळाला नाही, तर तोही निष्कर्षच. (त्यानं 'संबंध नाहीच' असंही ठरत नाही, नमुना लहान असला की असलेला संबंधही निसटतो.)

आकडे पाहून गृहीतक बेतायचं आणि ते आधीचंच म्हणून दाखवायचं, याला मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये 'हार्किंग' म्हटलं. कुठलाच संबंध नसताना २० चाचण्या केल्या, तरी ५ टक्के पातळीवर (म्हणजे संबंध नसतानाही चाचणी 'सिद्ध' दाखवण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर) सरासरी एक योगायोगानं 'सिद्ध' होते. डेटातून नवं काही सुचलं तर जरूर लिहा, फक्त नंतर सुचलं असं सांगा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.