‘प्रोपेन फ्रिज लावा आणि विसरा’ हा सल्ला केबिनवाल्यांनी का मानू नये

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात तळ्याकाठी किंवा आत जंगलात, वीज न पोहोचलेल्या जागी केबिन घेणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: डोळे मिटून प्रोपेनवर, म्हणजे सिलिंडरच्या गॅसवर, चालणारा फ्रिज घ्या. त्याला वीज लागत नाही. फिरणारा एकही भाग नसल्यामुळे तो बिघडत नाही. गॅस नावापुरता लागतो. स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी जितकी सुरक्षित, तितकाच हाही. पैसे वाचवायचे असतील तर एखाद्या जुन्या आरव्हीतला (राहायची सोय असलेल्या फिरत्या गाडीतला) फ्रिज काढून आणा. सौर पॅनेल आणि बॅटरीच्या भानगडीत पडूच नका, ते महाग आणि बेभरवशाचं.

यातल्या शेगडीच्या आणि आरव्हीच्या मुद्द्यांनी माणसं मरू शकतात. म्हणून क्रम मोडून तिथूनच सुरुवात करतो.

शेगडी तुम्ही समोर उभे असताना तासभर जळते. फ्रिजची ज्योत दिवसरात्र जळते, आणि त्यातला बराच वेळ तुम्ही झोपलेले असता, डासांमुळे किंवा थंडीमुळे खिडक्या लावून. ज्योत निळी आणि स्थिर असेल तर कार्बन मोनॉक्साइड फारच कमी तयार होतो. पण हिवाळाभर बंद राहिलेल्या बर्नरमध्ये कोळी जाळं विणतो, धूर वर नेणाऱ्या नळीत गंज आणि काजळी साचते, बंद खोलीतला ऑक्सिजन कमी होतो. मग ज्योत पिवळी पडते आणि हा विषारी वायू भराभर बनू लागतो. ‘गळती झाली तर वास येतोच की’ हे प्रोपेनच्या बाबतीत खरं आहे, कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि चार तास गाडी चालवून आलेला माणूस त्याला प्रवासाचा शीण समजून आडवा होतो.

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेत १९३३ ते १९५७ या काळात बनलेल्या ‘सर्वेल’ कंपनीच्या गॅस फ्रिजांमुळे केबिनांमध्ये माणसं दगावली, आणि ते वापरणं थांबवा असा जाहीर इशारा तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला द्यावा लागला. गोल कडांचे ते जुने पांढरे फ्रिज दिसायला देखणे असतात आणि कधीकधी केबिनच्या खरेदीबरोबरच पदरात पडतात. तसा आला असेल तर गॅस तोडा आणि तो बाहेर काढा. ओंटारियोपुरतं बोलायचं तर २००८ च्या डिसेंबरात वुडस्टॉकमध्ये गॅस फायरप्लेसचा धूर बाहेर नेणारा मार्ग तुंबला आणि हॉकिन्स कुटुंबातले आई, वडील आणि दोन मुलं असे चौघेही गेले. इंधन जळणाऱ्या घरांत कार्बन मोनॉक्साइड अलार्म सक्तीचा करणारा २०१३ चा कायदा त्यानंतरच आला. तिथे प्रोपेन फ्रिज नव्हता, पण कारण तेच होतं: जळणारं इंधन आणि बंद झालेली वाट.

आता आरव्हीचा फ्रिज. तो आरव्हीत सुरक्षित असतो, कारण त्याची मागची बाजू राहत्या भागापासून हवाबंद केलेल्या कप्प्यात असते. त्या कप्प्याला बाहेरच्या भिंतीत खाली एक जाळी असते, वर छतात किंवा भिंतीतच दुसरी. ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते, धूरही बाहेरच जातो. तोच फ्रिज काढून केबिनच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवला की त्याचा सगळा धूर तुमच्या खोलीत. फ्रिज तोच असला तरी त्याला सुरक्षित करणारा कप्पा आरव्हीतच राहिलेला असतो. हा सल्ला पुढे पाठवण्याआधी कृपा करून एवढं तरी पाहा.

आणि सगळं नीट जळत असलं तरी धूर खोलीत सोडणं वाईटच. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. दिवसाला पाऊण किलो गॅस खाणारा फ्रिज रोज लिटरभराहून जास्त पाणी केबिनच्या हवेत सोडतो. गाद्यांना येणारा कुबट वास आणि खिडकीच्या चौकटीवरची बुरशी यांचं मूळ कित्येकदा तिथे असतं.

‘बिघडत नाही’ हा दावा समजून घ्यायला आतलं काम पाहावं लागेल. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्ट्झर फॉन प्लॅटेन आणि कार्ल मुन्टर्स यांनी १९२२ मध्ये ही रचना शोधली आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने ती बाजारात आणली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एका बंद नळीजाळ्यात भरलेले असतात. ज्योत खालच्या बॉयलरला तापवते, अमोनिया वाफ होऊन वर जातो, थंड होऊन द्रव बनतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा उडतो आणि उडताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. मग पाण्यात विरघळून परत बॉयलरकडे. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. फार सुंदर कल्पना आहे, आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण पंप नाही म्हणजे सगळी भिस्त उतारावर. फ्रिज तिरका असेल तर द्राव जागच्या जागी साचतो, बॉयलर कोरडा तापतो, आणि नळ्यांना गंजू न देण्यासाठी घातलेलं सोडियम क्रोमेट विघटित होऊन आत खडे धरतं. एकदा नळी अशी चोंदली की ती दुरुस्त होत नाही, संपूर्ण कूलिंग युनिट बदलावं लागतं, आणि त्याची किंमत ऐकून बहुतेक लोक नवा फ्रिजच घेतात. लाकडी खांबांवर उभी असलेली केबिन दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगल्यामुळे थोडी हलते. म्हणून दर वसंतात ज्योत पेटवण्याआधी फ्रिजच्या आत, फ्रीझरच्या तळावर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी बघायचं, पायांखाली पाचर घालायची. त्याच वेळी बर्नर काढून जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्र) साफ करायचा, आणि धुराच्या नळीत तारेला लोंबणारी पिळाची पट्टी बाहेर काढून काजळी झाडायची. ती पट्टी परत त्याच उंचीवर लोंबली पाहिजे. चुकून वर-खाली झाली तर गॅस तेवढाच जळतो आणि फ्रिज मात्र गार होत नाही. ‘विसरा’ म्हणणाऱ्याने यातलं काहीच सांगितलेलं नसतं.

वीज लागत नाही, हे काही मॉडेलांच्या बाबतीत पूर्ण खरं आहे: बटण दाबून ठिणगी पाडायची, पुढचं काम थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखणारा भाग) आणि साधा व्हॉल्व्ह सांभाळतात. पण आरव्हीच्या बहुतेक फ्रिजांत नियंत्रणाचा सर्किट बोर्ड १२ व्होल्टवर चालतो. बॅटरी उतरली की भरलेला सिलिंडर असूनही फ्रिज बंद.

आता गॅसचा हिशेब. आठ ते दहा घनफूट आकाराचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला साधारण पाऊण किलो प्रोपेन घेतो. बार्बेक्यूचा २० पौंडी सिलिंडर म्हणजे नऊ किलो, तो जेमतेम बारा दिवस पुरतो. व्हिक्टोरिया डे ते थँक्सगिव्हिंग, म्हणजे मेच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत, असा पूर्ण मोसम धरला तर बारा सिलिंडर. ‘आम्ही फक्त शनिवार-रविवार जातो’ म्हणणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. हा फ्रिज गार व्हायला बारा ते चोवीस तास घेतो. शुक्रवारी रात्री पेटवलेला फ्रिज शनिवारी संध्याकाळी दूध ठेवण्याजोगा होतो, म्हणून लोक तो आठवडाभर रिकाम्या केबिनमध्ये जळत ठेवतात. बोटीनेच जाता येणाऱ्या केबिनवर तर प्रत्येक सिलिंडर हाताने चढवायचा आणि उतरवायचा.

सौर महाग, हे पंधरा-वीस वर्षांपूर्वी पटण्यासारखं होतं. पाऊण किलो प्रोपेनमधून सुमारे साडेनऊ युनिट इतकी उष्णता निघते. तेवढ्याच आकाराचा, १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज घेतो. दक्षिण ओंटारियोत जून-जुलैत, झाडांची सावली नसेल तर, २०० वॅटचं एक पॅनेल वाया जाणारी वीज धरूनही तेवढी वीज देतं. १०० अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी ढगाळ दोन दिवस निभावून नेते. मी स्वतः सल्ला देताना पॅनेल दुप्पट धरा म्हणतो, आणि तरीही प्रोपेन फ्रिजच्या दोन हजार डॉलरच्या पुढच्या किमतीशी आणि दर मोसमाच्या बारा सिलिंडरांशी तुलना केली की सौरचं पारडं जड होतं.

घरगुती १२० व्होल्टचा छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर लावायचा असेल तर इन्व्हर्टरचा स्वतःचा खप आधी विचारा. नुसता चालू राहायला तो २० वॅट घेत असेल तर दिवसाला अर्धं युनिट तिथेच गेलं, म्हणजे दुसरा फ्रिज चालवल्यासारखं. आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करता येत नाही, त्यामुळे गोठणाऱ्या केबिनमध्ये ती हिवाळाभर तशीच सोडू नका. डिसेंबरात ऊन तुटपुंजं असतं हेही खरं. पण डिसेंबरात दोन रात्रींसाठी गेलात तर झाकणाचा कूलर (आइसबॉक्स) थंड ओसरीत ठेवून भागतं.

महाराष्ट्रातले नातेवाईक शेतघरासाठी असा फ्रिज मागवू का विचारतात, त्यांनाही माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. ज्योतीवरचा फ्रिज आपली उष्णता पंख्याशिवाय आजूबाजूच्या हवेत सोडतो. विदर्भातल्या मे महिन्यात ती हवाच ४४ अंशांवर असली की त्याचा दम निघतो. शिवाय आपला एलपीजी म्हणजे ब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण, शुद्ध प्रोपेनसाठी बसवलेला जेट त्याला जुळत नाही. ऊन तिथे भरपूर आहे, ते वापरावं. वीज नसलेल्या भागांत लसी साठवण्यासाठी पूर्वी जगभर रॉकेल आणि गॅसचे असेच फ्रिज असत. २ ते ८ अंशांची मर्यादा त्यांना नीट पाळता येईना, म्हणून आरोग्य यंत्रणा थेट सौरऊर्जेवरच्या फ्रिजांकडे वळल्या.

मग प्रोपेन फ्रिज कोणी घ्यावा? दाट झाडीखाली केबिन आहे आणि झाडं तोडायची नाहीत, त्यांनी. जे महिनोन्‌महिने तिथेच राहतात आणि ज्यांच्याकडे मोठी प्रोपेन टाकी शेगडी नि हीटरसाठी आधीच आहे, त्यांनी. अमेरिकेतल्या ओहायो आणि इंडियाना राज्यांतल्या आमिश या जुन्या रीतीने जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांत विजेच्या तारा घरात आणायच्या नाहीत असा नेम असतो, आणि तिथे गॅस फ्रिज पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत, कारण घरात रोज माणूस असतो आणि ज्योतीकडे लक्ष असतं.

घ्यायचाच तर डायरेक्ट व्हेंट, म्हणजे ज्योत बंद कप्प्यात असलेला आणि भिंतीतून हवा बाहेरून घेऊन धूर बाहेर टाकणारा प्रकार घ्या. जोडणी टीएसएसएचं (ओंटारियोच्या तांत्रिक सुरक्षा संस्थेचं) प्रमाणपत्र असलेल्या गॅस तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, ओंटारियोत तो नियमच आहे. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा. प्रोपेन हवेपेक्षा जड, ते जमिनीलगत साठतं, म्हणून गळतीचा सेन्सर वेगळा आणि खाली. फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवा, आणि काटा ४ अंशांच्या वर राहत असेल तर दूध-मांस त्यात ठेवू नका.

जुना डायरेक्ट व्हेंट मिळत असेल तर मागच्या नळ्या टॉर्च लावून बघा. पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा तिखट वास आला तर कूलिंग युनिट फुटलेलं आहे. तसं काही नसलं तरी विकणाऱ्याला तो आदल्या दिवशी पेटवून ठेवायला सांगा, चोवीस तासांनी आत थर्मामीटर ठेवून बघा. विकणारा तयार नसेल तर पैसे देऊ नका.