दिवेकर, कोचीन आणि तुमचं ते एक वाक्य

नमस्कार,

मुंबईच्या 'शार हारहमीम' या सिनेगॉगवरच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरच्या) माझ्या लेखावर तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. ते सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटले ती गोष्ट तुमच्या मते भाकडकथा. सिनेगॉगं उभी राहिली ती कंपनी सरकारच्या पगारावर. ससून या बगदादी ज्यू घराण्याचं मी नाव घेतलं नाही. आणि सगळ्यांत मोठं वाक्य हे: 'कोचीनच्या गुरूंनी येऊन शिकवेपर्यंत बेने इस्राएल हा धर्मसमाज नव्हताच, ती तेल गाळणाऱ्यांची एक जात होती.' (बेने इस्राएल म्हणजे आम्ही कोकणातले मराठी ज्यू; कोचीनचे गुरू म्हणजे तिथल्या ज्यू समाजातले शिक्षक.) वर 'घरच्या माणसाने घरचा इतिहास लिहू नये' असा सल्लाही दिलात.

मतभेदाला माझी ना नाही. पण 'भाकडकथा', 'होतीच काय तुमच्याकडे' ही भाषा इतिहासाची नाही. कुणाच्या आजोबा-पणजोबांबद्दल बोलतो आहोत याचं भान ठेवून तेच मुद्दे मांडता आले असते.

एक मान्य करतो. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत पकडले गेले. टिपूच्या आईने 'बेने इस्राएल' हे नाव ऐकून त्यांना वाचवलं, ही मात्र आख्यायिका आहे. मी 'असं सांगतात' हे शब्द परिच्छेदाच्या शेवटी टाकले होते, ते सुरुवातीला हवे होते. तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर.

आता ते वाक्य.

माझी आजी अलिबागजवळच्या खेड्यातली. हिब्रूचं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. पण शुक्रवारी सूर्य कलला की तिच्या घरात काम थांबायचं, कारण ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार तेव्हापासून सुरू होतो. आणि खवले-पर नसलेला, धर्माने वर्ज्य केलेला मासा तिच्या चुलीवर कधी चढला नाही. हे तिला कुठल्या गुरूने शिकवलं नव्हतं, तिच्या सासूने शिकवलं होतं. आमच्या लोकांना कोकणात 'शनवार तेली' म्हणायचे ते का, याचा तुम्ही क्षणभर तरी विचार केलात का? शेजाऱ्यांना त्यांचा घाणा शनिवारी बंद दिसायचा म्हणून. तुम्ही त्या नावातला 'तेली' तेवढा उचललात आणि 'शनवार' सोडून दिलात.

मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची. 'शेमा इस्राएल' ही ज्यूंची मुख्य प्रार्थना; ते लग्नातही म्हटलं जायचं आणि मयतालाही. वर्षाचा पहिला सण 'नव्याचा सण' आणि प्रायश्चित्ताचा दिवस 'दारफाळणीचा सण': दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर उपास करायचा. ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, दुसरा काय असतो? ग्रंथ नव्हते, रब्बी (धर्मगुरू) नव्हते, हनुक्का हा दिव्यांचा सण माहीत नव्हता, हे मी लेखातच लिहिलं आहे. ग्रंथांवाचून इतकी वर्षं जे टिकलं, त्याला 'नव्हताच' म्हणायला तुमची जीभ धजते कशी, हे मला खरोखर कळत नाही.

आणि कालक्रम तरी बघा. दिवेकरांनी मांडवीत सिनेगॉग बांधलं १७९६ साली. सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, आणायला ते स्वतः कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. आपल्याकडे तोरा नाही आणि ती असायला हवी, ही ओढ माणसाला आधी लागते, तेव्हा तो एवढा प्रवास करतो. कोचीनचे हझान (प्रार्थना चालवणारे) आणि शिक्षक नंतर आले. त्यांनी प्रार्थना शिकवल्या, क्रम शिकवला, त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये, पेणला १८६३ मध्ये सिनेगॉग झालं. या गावांत दहा-दहा माणसं कोचीनहून आणून बसवली नव्हती. ती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होती. रेवदंडेकर, पेणकर, नवगावकर, केहिमकर ही आडनावं वाचा, गावं आपोआप सापडतील. आधी माणसं होती, छप्पर मागून आलं. माझा सगळा लेख एवढ्यासाठीच होता, आणि तो तुम्ही नीट वाचलेला दिसत नाही.

ससूनांबद्दल: भायखळ्याचं 'मागेन डेव्हिड' आणि पुण्याचं लाल देऊळ ही बगदादी ज्यूंची. तो इतिहास वेगळा, लेखाचा विषय तो नव्हता. पगाराबद्दल: नोकरदार माणूस वर्गणी कमाईतूनच देणार, यात उघडकीला आणण्यासारखं काय आहे?

राहिला घरच्या माणसाचा मुद्दा. आमच्याबद्दल बाहेरच्यांनी पुष्कळ लिहिलं. आम्ही पुरेसे ज्यू आहोत का, यावरही बाहेरच्यांनी निवाडे केले. इस्राएलमध्ये गेलेल्या आमच्या लोकांना लग्नासाठी ते सिद्ध करायला सांगितलं गेलं, आणि १९६४ पर्यंत त्यांना झगडावं लागलं. माझ्या घरातली माणसं त्या काळात तिथे होती. तेच वाक्य आज मराठीत, तेही अशा सहजपणे, वाचायला मिळावं याचा मला राग आला आहे आणि मी तो लपवणार नाही.

कोचीनच्या शिक्षकांवर स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे. त्यावर जरूर लिहा, मतभेद असले तरी छापीन. 'नव्हताच' असं पुन्हा लिहिणार असाल, तर मात्र सोबत पुरावा द्या.