एकाच साइटवर तारखेचे दोन अर्थ कसे काय चालतात?

वंशावळीची साइट चालवता, लोकांकडून वर्षाची वर्गणी घेता, आणि तारीख कशी लिहायची हे तुमचं तुम्हालाच ठरवता येत नाही? संगणकावर उघडलं की आधी दिवस, मग महिना. तीच व्यक्ती मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये उघडली की आधी महिना, मग दिवस. कुठे सूचना नाही, खुलासा नाही. दोन्हीकडे चौकोन सारखाच, मधल्या तिरक्या रेघाही सारख्याच. अर्थ तेवढा उलटा.

आमच्या आजोबांची धाकटी बहीण 4 डिसेंबर 1924 ची. पणजोबांच्या वहीत शके 1846, मार्गशीर्ष अशी नोंद आहे, शेजारी इंग्रजी तारीखही आहे. मी संगणकावर 04/12/1924 असं भरलं, बरोबर दिसलं. पुढे आत्याने तिच्या फोनवरून या आजीचा जुना फोटो चढवला आणि सेव्ह दाबलं. तारखेला तिने हातही लावला नव्हता. अ‍ॅपने ती आपल्या पद्धतीने वाचली आणि 12 एप्रिल 1924 करून ठेवली. मार्गशीर्षातली मुलगी थेट चैत्रात! आजोबा 20 सप्टेंबर 1923 चे. विसावा महिना नसतो, म्हणून त्यांची तारीख बचावली. आणि आता साइटच लाल त्रिकोण नाचवते: भावंडांच्या जन्मात सात महिन्यांहून कमी अंतर आहे, कृपया माहिती तपासा. घोळ तुम्ही घालायचा आणि तपासायचं आम्ही?

आत्या पंच्याहत्तरीच्या पुढची आहे. तो त्रिकोण बघून तिला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. "मी आता हात लावत नाही रे बाबा त्याला, तूच भर," म्हणाली. माझं डोकं फिरलंय ते यामुळे. कोण कुणाला दत्तक गेलं, कुठली आजी कुठल्या गावची, एकाच नावाचे दोन चुलते कसे ओळखायचे, हे सगळं आमच्या घरात फक्त तिला माहीत आहे. अशी साइट ज्यांच्या आठवणींवर उभी राहते, त्यांनाच तुम्ही पळवून लावताय.

आणि हा एखाद्या तारखेचा प्रश्न नाही. जिथे दिवस 12 किंवा त्याच्या आतला आहे आणि दिवस-महिना सारखे नाहीत, अशा वर्षात 132 तारखा येतात. त्यातली कुठलीही बिनबोभाट उलटू शकते. 13 पासून पुढची असेल तर निदान अडकते तरी. आधीचीला ना एरर, ना सूचना. चुकीची तारीख अस्सल तारखेसारखीच दिसते आणि पुढच्या पिढीकडे तशीच जाते.

सगळ्यात संताप येतो तो याचा, की हा प्रश्न कधीचाच सुटलेला आहे. वंशावळीची माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायला जेडकॉम नावाचा फाइलचा साचा 1984 पासून आहे, मॉर्मन चर्चने तयार केलेला. त्यात महिना अक्षरांत लिहितात: 4, मग डी-ई-सी, मग 1924. उलटायला जागाच नाही. तारीख पक्की माहीत नसेल तर 'सुमारे', 'च्या आधी', 'च्या नंतर' असं लिहायचीही सोय आहे. याच साइटवरून झाड, म्हणजे आपली सगळी वंशावळ, उतरवून घेतलं की जी फाइल मिळते ती याच साच्यातली असते. म्हणजे फाइलमध्ये महिना अक्षरांत लिहिता येतो, पडद्यावर येत नाही!

फुलीच्या खुणेचंही तेच. व्यक्तीच्या पानावर नात्याशेजारची फुली दाबली तर फक्त नातं तुटतं, माणूस झाडात राहतो. झाडाच्या चित्रात तीच फुली, त्याच रंगाची, दाबली तर अख्खा माणूस फोटो-टिपणांसकट जातो. नुसतं नातं तोडताना "खात्री आहे ना?" विचारतात. माणूस पुसताना विचारत नाहीत. हे ज्याने केलं त्याने स्वतःच्या आजीची माहिती तरी कधी यात भरली आहे का? सेव्हच्या बटणाबद्दल तर बोलायलाच नको, कुठे वर, कुठे खाली, कुठे आपोआप.

नावांचा गोंधळ आपल्याकडे जास्तच भोवतो. पणजी माहेरची द्वारका, सासरी लक्ष्मी झाली. नाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. व्यक्तीच्या पानावर आडनावाचा रकाना म्हणतो, जन्माचं आडनाव लिहा. झाडातून 'जोडीदार जोडा' केलं की त्याच रकान्यात नवऱ्याचं आडनाव आधीच भरून येतं. दुसऱ्या नावाची जागा संगणकावर आहे, अ‍ॅपमध्ये नाहीच. परिणाम? काकांनी एका बाजूने भरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि एकाच पणजीच्या झाडात दोन वेगळ्या व्यक्ती होऊन बसल्या. आपल्याकडच्या छापील कुलवृत्तांतात बाईचं माहेर एकदा ठरलेल्या जागी आलं की पुस्तकभर तिथेच सापडतं. हाताने कागद जुळवणाऱ्यांना ही शिस्त पाळता आली, तुम्हाला का येत नाही?

साइट आणि प्रोग्राम वापरायला सोपे कसे करावेत याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी 1994 साली इंटरफेससाठी, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीसाठी, जे दहा नियम मांडले त्यातला चौथा सुसंगतीचाच आहे: त्याच गोष्टीला तीच खूण, त्याच कृतीचा तोच परिणाम. डिझाइन शिकणारी पोरं हे पहिल्या वर्षात वाचतात. मी तक्रार केली तर उत्तर आलं की अ‍ॅपची टीम वेगळी आहे, आणि लवकरच नवा लूक येतोय. टीम वेगळी असेल, माझी आजी तर एकच आहे ना? दोन टीमनी एका टेबलाशी बसून बोलावं, त्याचे आम्ही पैसे भरतो. नवा लूक घाला चुलीत. महिना अक्षरांत दाखवा. माणूस पुसण्याआधी विचारा. आणि अ‍ॅपमधून सेव्ह झाल्यामुळे आमच्या झाडात आजवर कुठल्या कुठल्या तारखा बदलल्या, त्याची जुन्या नोंदींसकट यादी द्या, कारण वही आत्याकडे आहे आणि ती वाचून दाखवायला आत्या आज आहे.