‘खुशाल घरी बसावे’ लिहिणाऱ्या वाचकांस

डोळ्यांच्या तपासणीत वाटणाऱ्या भीतीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. हिंसाचार सोसलेल्या रुग्णाला हात लावण्यापूर्वी विचारावे आणि पुढे काय करणार ते आधी सांगावे, एवढेच मी सुचवले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, सरकारी ओपीडीत एवढा वेळ नसतो, मनुष्यबळ नसते, हात न लावता, हवेच्या झोताने मोजलेला डोळ्याचा दाब पुरेसा भरवशाचा नसतो आणि ‘ज्यांना डॉक्टरच्या हाताची भीती वाटते त्यांनी खुशाल घरी बसावे’.

दाबाविषयीचे म्हणणे मान्य. काचबिंदूच्या रुग्णात बधिर करणारा थेंब घालून, बुबुळाला टेकवून मोजलेला दाबच प्रमाण धरतात. पण ते शेवटचे वाक्य? घरी बसण्याचा सल्ला आपण नेमका त्यांनाच देत आहात, ज्यांना मार घरातच बसतो. हे लिहिताना आपल्याला काहीच खटकले नाही का?

माझी नोकरी नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून झाली, तीही सरकारी रुग्णालयांत. स्लिट लॅम्पपुढे, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रापुढे, हनुवटी टेकलेली, कपाळ पट्ट्याला लावलेले, खोलीत अंधार आणि वीतभर अंतरावर परक्या माणसाचा चेहरा, हे आपल्याला रोजचे असेल. जिचा गळा कधी आवळला गेला आहे, तिला ते तसे नसते. एका बाईने कपाळ जरा मागे घेतले, तेव्हा आमच्या मदतनिसाने सवयीने तिचे डोके मागून दाबून धरले. ती ओरडली नाही. स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली आणि तपासणी संपताच केसपेपर टेबलावरच टाकून निघून गेली. पुढे मी प्रत्येकीला सांगू लागले, ‘मागून कोणी धरणार नाही, नको वाटले तर हात वर करा, मी थांबेन.’ एवढ्या बोलण्याने रांग अडत नाही, हे ती रांग सांभाळलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आपण ती कधी सांभाळली आहे का, हे आपल्या प्रतिक्रियेवरून तरी कळत नाही.

बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सोसत नाही. म्हणून थेंबांआधी तिला हे सांगावे, आणि सोबत आलेल्याला बाहेर बसवून, घरी कोणाबरोबर जाणार ते विचारावे. ‘दार लागले’ म्हणत सुजलेला डोळा दाखवायला आणणारा कधी कधी मारणाराच असतो.

वेळ आणि मनुष्यबळ यांविषयी एवढेच, की हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीचे ‘दिलासा’ केंद्र मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० च्या सुमारास सुरू केले, ते वांद्र्याच्या भाभा या पालिकेच्याच रुग्णालयात. कोणत्या पंचतारांकित दवाखान्यात नव्हे. बाकीच्या मुद्द्यांवर वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ते एक वाक्य आपण स्वतःच काढाल, अशी अपेक्षा आहे.