मामांची भाची, अननोन पब्लिशर

गेली आठ-दहा वर्षं मी आमच्या मामांना एकच मंत्र पढवत आलेय: अनोळखी लिंक दाबायची नाही. मामांनी तो इतका मनावर घेतला की माझ्या भावाच्या लग्नाची व्हॉट्सॲपवर आलेली पत्रिकासुद्धा उघडली नाही आणि आहेर घेऊन भलत्याच कार्यालयात जाऊन बसले. जेवण चांगलं होतं म्हणतात.

आणि मग मी सॉफ्टवेअर केलं.

मामा डोंबिवलीत सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्स, सिंकिंग फंड, थकबाकीवरचं व्याज (उपविधींनुसार जास्तीत जास्त २१ टक्के, आणि मामा त्यात एक पै सोडत नाहीत), सगळं एका वहीत. ते बघवेना म्हणून चार महिने खपून विंडोजवर चालणारा प्रोग्राम लिहिला, वेबसाइटवर डाउनलोडचं बटण ठेवलं आणि गल्लीतल्या सात सोसायट्यांच्या खजिनदारांना लिंक पाठवली. प्रोग्रामचं नाव ठेवलं 'वसुली'. इथे कुणाला तरी विचारायला हवं होतं. 'वसुली सेटअप' नावाची फाइल आपण होऊन घरात घेणारा माणूस डोंबिवलीत अजून जन्मायचाय.

दोन काकांनी ती मोबाइलवरच उतरवली आणि 'उघडत नाही' असा निरोप धाडला. एकांच्या डाउनलोड्समध्ये 'वसुली'च्या अकरा प्रती निघाल्या, कारण दर वेळी 'काहीच झालं नाही' म्हणून ते पुन्हा बटण दाबत होते. मामांचा मात्र फोन आला.

"अगं, निळा पडदा आलाय. विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी."

"येऊ दे. तिथे बारीक अक्षरात 'मोअर इन्फो' आहे, ते दाबा."

"मी 'डोन्ट रन' दाबलं."

"का?"

"एवढं मोठं बटण दिलंय, म्हणजे तेच दाबायचं असणार."

याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या खेपेला 'मोअर इन्फो'पर्यंत पोचलो.

"पब्लिशर, अननोन पब्लिशर. हे कोण?"

"मी."

"तुझं नावही माहीत नाही त्यांना? मग मी कशाच्या जोरावर दाबू?"

"मामा, मी तुमची सख्खी भाची आहे!"

"ते असंच सांगतात. 'काका, मी तुमची भाची बोलतेय.'"

हेही मीच शिकवलं होतं.

ओळख पटवायची तर कोड साइनिंग सर्टिफिकेट, म्हणजे प्रोग्रामवर आपल्या नावाची डिजिटल सही करायचा दाखला, विकत घ्यावं लागतं. १ जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली नुसती फाइल म्हणून ठेवता येत नाही. ती यूएसबी टोकनसारख्या हार्डवेअरमध्ये कुलूपबंद असावी लागते. माझं टोकन कुरिअरने आलं, आईने हळद-कुंकू लावलं. तरी निळा पडदा यायचा तो आलाच. फरक इतकाच, की आता त्यावर माझं नाव होतं.

"आता तुझ्या नावानिशी सावध करतायत," मामा म्हणाले.

नुसत्या सहीने भागत नाही, विंडोजच्या दरबारी पत लागते. पुष्कळ लोकांनी फाइल विनातक्रार उतरवली की पत वाढते, आणि पत वाढेपर्यंत लोक उतरवत नाहीत. आधीचं कर्ज फेडल्याचा दाखला आणा, मग पहिलं कर्ज देतो, अशातली गत. सही नव्हती तेव्हा तर पत त्या एका फाइलपुरतीच असायची. एका खिडकीत 'थकबकी' छापलं गेलं होतं. तो एक काना दिला, फाइल नवी झाली आणि होती नव्हती ती पत गेली.

मग मला इन्स्टॉल-लिंकचा शोध लागला. 'एमएस-ॲपइन्स्टॉलर'ने सुरू होणारा पत्ता पानावर ठेवायचा. दाबला की डाउनलोड्स नाही, शोधाशोध नाही, थेट इन्स्टॉलचीच खिडकी समोर. तीन खजिनदार एका संध्याकाळी मार्गी लागले. मी पेढे आणले. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट मुळातच बंद करून ठेवली, कारण चोरांनी तिथूनच मालवेअर घुसवायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्टचं काही चुकलं नाही. मामांनी पेपर खाली घेतला, म्हणाले, "तरी मी म्हणत होतो," आणि उरलेला पेढा खाल्ला.

शेवटी मी पेनड्राइव्ह घेऊन लोकलने डोंबिवली गाठली. लावला, फाइल उघडली. पडदा नाही, मोअर इन्फो नाही. फक्त एकदा 'यस'. त्याचं असं आहे, की वेबवरून उतरवलेल्या फाइलवर ब्राउझर 'परगावाहून आलेली' असा एक अदृश्य शिक्का मारतो आणि पडदा त्या शिक्क्यामुळे पडतो. पेनड्राइव्हवरच्या माझ्या फाइलला तो शिक्काच नव्हता. म्हणजे जगातल्या सगळ्या तपासण्या सहीवाल्या लिंकला, आणि खिशातून आलेल्या, कुणीकुणी कुठेकुठे लावलेल्या पेनड्राइव्हला राजमार्ग!

"बघ," मामा म्हणाले, "हे कसं सुरक्षित."

आता नवी आवृत्ती निघाली की पेनड्राइव्ह सातही सोसायट्यांत फिरतो. मामांनी त्यासाठी आवक-जावक वही घातलीय. नेताना सही, परत करताना सही. परवा फोन आला. चौथ्या सोसायटीच्या काकांनी बारा दिवस झाले तरी पेनड्राइव्ह परत केलेला नाही, आणि तुझ्या त्या 'वसुली'त याचं व्याज लावायची सोय आहे का?